बिनलसणाची कोसारी

धुकं असं उतरलं होतं की समोरच्या कोळणीचे मासे दिसत नव्हते, नुसता वास येत होता. दासोम दुकान आवरत होती. तिळाच्या तेलाची बरणी आत ठेवून ती परत आली, तर फळीपलीकडे एक तरुण उभा! पावलं वाजली नव्हती, दाराची घंटाही हलली नव्हती. पांढरा शर्ट, बाह्यांच्या कडा ओल्या, पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब…

“घाबरवलं का मी?”

“छे! मी काही घाबरत नाही,” दासोम म्हणाली. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं, की ते त्यालाही ऐकू जात असणार. “काय देऊ?”

“कोसारी.”

कोसारी म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब. वसंतात डोंगरावरून खुडून आणायचे, वाळवायचे, मग लागतील तसे भिजवून, शिजवून तिळाच्या तेलात परतायचे. कुमसुन मावशीचं तोंडीलावण्यांचं दुकान या बाजारात इतकी वर्षं टिकलं ते या कोसारीच्या जोरावर. मावशीचे गुडघे गेले तेव्हा दासोम थेगू शहरातली नोकरी सोडून मदतीला आली आणि आता तर मावशीच म्हणायची की पोरीचा हात माझ्यापेक्षा बरा पडतो. दासोमने डाव उचलला.

“लसूण नको,” तो म्हणाला.

डाव हवेतच राहिला. नामहे म्हणजे लसणाचं बेट. इथली पोरं लसणाच्या वाफ्यात रांगायला शिकतात, इथल्या बायकांच्या बोटांना बारा महिने लसणाचा वास असतो. इथे उभं राहून लसूण नको म्हणायचं?

“डॉक्टरांनी बंद केलाय?”

“नाही.”

“मग नवस बोललाय?”

“तसंच काहीतरी.” तो किंचित हसला. हसू ओठांवर आलं, डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

बिनलसणाची भाजी दुकानात व्हायची ती फक्त शरदातल्या चुसोकच्या सणाला, पितरांच्या ताटासाठी. लसूण, मिरची, कांद्याची पात हे सगळे जिवंतांचे चोचले. पितरांना त्यांचा वास सोसत नाही, ते उंबऱ्यावरूनच मागे फिरतात. पण चुसोकची पौर्णिमा अजून लांब होती, नुकतीच अमावास्या झाली होती.

“उद्या या याच वेळेला,” दासोम म्हणाली. “तुमच्यासाठी वेगळी करून ठेवीन.”

असं आपण का बोललो हे तिचं तिलाच कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या नखऱ्यापायी वेगळी कढई चढवणाऱ्यातली ती नव्हती. तो मान लववून गेला आणि धुक्याने त्याला लगेच आत घेतलं. फळीवर जिथे त्याने हात टेकला होता तिथे पाण्याचा डाग राहिला होता. दासोमने तो फडक्याने पुसला, मग उगाचच बोट ओठाला लावलं.

खारट होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. दिवस मावळता मावळता, धुकं किनाऱ्यावरून बाजारात शिरायचं आणि त्याच्या मागोमाग तो. नाव हेजुन. याहून जास्त काही सांगायचा नाही.

दासोमला मात्र आता चेव चढला होता. लसणाशिवाय चव आणायची म्हणजे काय गंमत आहे? तिने तीळ जास्त भाजून पाहिले, समुद्री शेवाळाच्या पाण्यात कोसारी शिजवली, मुरलेल्या सोया सॉसचे थेंब मोजून टाकले. डब्यात कोसारीच्या शेजारी रोज एक नवं तोंडीलावणं जाऊ लागलं. कधी मुळ्याचा कीस, कधी दोराजीची पांढरी मुळं, कधी अंड्यात घोळवून तळलेले माशाचे काप.

“हे मी मागितलं नव्हतं,” तो म्हणायचा.

“मागेल त्यालाच द्यायचं असा काही नियम आहे का?”

“पण रोज असं दिलंत तर मला सवय लागेल…”

“लागू दे की. सवयीच्या गिऱ्हाइकांवरच दुकानं चालतात.” एवढं बोलून तिने डब्याचं झाकण लावलं, आणि ते लावताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. गार! विहिरीतून नुकतंच काढल्यासारखी गार. तरी तिने हात चटकन मागे घेतला नाही. त्यानेही नाही.

“काल मुळा कसा झाला होता?” तिने विचारलं.

“आवडला,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “म्हणजे… आवडला असावा.”

“असावा?”

तो डबा छातीशी धरून निघून गेला, बेटाच्या टोकाकडे जाणाऱ्या वाटेने. दासोम तो गेला त्या दिशेला बघत राहिली. त्या वाटेवर दिवे नव्हते.

“टोकाला कोण राहतं गं मावशी?”

मावशी सोंगफ्यॉन वळत बसली होती. तांदळाच्या उकडीच्या त्या चंद्रकोरी चुसोकला घरोघरी लागतात, म्हणून सराव आधीपासूनच चालू होता. तिचे हात थांबले. “तिथे मोल्गेची वाडी होती. मागच्या वर्षीच्या वादळानंतर सगळे उठून गेले. आता तिथे कुण्णी राहत नाही. का?”

“सहज.”

“सहज? बघू तुझ्या हातातली. ही काय सोंगफ्यॉन वळलीस? बेडकासारखी! असली वळणाऱ्या पोरीला नवरा बेडकासारखाच मिळतो.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तो पांढऱ्या शर्टवाला ना? मी पडद्याआडून बघते रोज. दासोम, जिवंत माणसाला लसूण चालत नाही असं कधी ऐकलंयस? येतो कधी, तर धुक्यात. जातो कुठे, तर जिथे कुणी राहत नाही तिथे. सावली तरी बघितलीस त्याची?”

“धुक्यात कुणाची सावली पडते, मावशी?”

“तेच म्हणते मी. धुक्यातच कसा येतो?”

“तू पण ना! हात गार असले म्हणून माणूस लगेच भूत होतो का?”

“हात?” मावशीने मान तिरकी केली. “हात गार आहेत हे तुला कसं कळलं गं?”

दासोम लाजून सोंगफ्यॉनच्या पिठात तोंड घालायची तेवढी राहिली. मावशी हसली नाही.

“लग्नाआधी गेलेल्या मुलाचं पान मांडायला कुणी नसतं,” ती हळूच म्हणाली. “ना बायको, ना लेकरं. असली मुलं चुसोक जवळ आला की भुकेली फिरतात. तू त्याला रोज जेवू घालतेस. उद्या तो तुलाच घेऊन जाईल, मग मी तुझ्या आईला काय सांगू?”

त्या रात्री दासोमला झोप लागली नाही. भुताची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती वेगळीच होती. तिला तो आवडला होता. सरळ बोलायचं तर तिचा जीव जडला होता. दिवस मावळायची वाट बघत ती दिवसभर मुळे किसायची. आणि ज्याच्यावर जीव जडला तो या जगातला आहे की नाही, एवढी साधी गोष्टसुद्धा तिला ठाऊक नव्हती.

म्हणून तिने ते केलं.

लसणाची एक पाकळी अगदी बारीक चिरली आणि डब्याच्या तळाशी, कोसारीखाली दडपली. जिवंत असला तर उद्या भांडायला येईल. नसला तर…

त्या संध्याकाळी नेमका तो रोजच्यापेक्षा मोकळा होता. डबा घेता घेता म्हणाला, “तुमच्या गालाला पीठ लागलंय.”

“कुठे?”

“इथे.” त्याने बोट पुढे केलं, पण गालापाशी नेऊन थांबवलं. “पुसू का…?”

“विचारून पुसतात का?”

त्याने पुसलं. दासोमच्या मनात आलं की डबा हिसकावून घ्यावा, म्हणावं थांबा, आज दुसरा देते. शब्द ओठांपर्यंत आले, आणि तेवढ्यात तो वळून धुक्यात शिरलाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, तेव्हा दासोमने लसणाचं मावशीला सांगून टाकलं. त्यानंतरच्या सकाळी मावशीने दुकानाचं दार उघडलं आणि किंचाळली.

उंबऱ्यावर डबा होता. झाकण नीट लावलेलं. दासोमने ते उघडलं, तर आत कोसारी जशीच्या तशी, वरपर्यंत समुद्राच्या पाण्यात बुडालेली, आणि तिच्यावर शेवाळाची एक लांब हिरवी पट्टी. डब्याभोवती उंबरा ओला होता. बाजारातून दारापर्यंत ओल्या पावलांच्या खुणा होत्या. अनवाणी पावलं. परत गेल्याच्या खुणा नव्हत्या.

“झालं समाधान?” मावशी थरथरत म्हणाली. “लसणाला शिवला नाही तो.”

मावशीने उंबऱ्यावर लाल घेवड्याचे दाणे पसरले, मीठ टाकलं. लाल दाण्यांना भुतं भितात. दासोम मागच्या मोरीवर डबा घासत बसली आणि रडली. घासून घासून डबा चकचकीत झाला तरी ती घासतच होती.

चुसोकच्या आदल्या दिवशी दुकानात मुंगीला शिरायला वाव नव्हता. पांढरी दोराजी, तपकिरी कोसारी, हिरवा पालक, पितरांच्या ताटातल्या या तिन्ही रंगांच्या भाज्या परातींतून भराभर संपत होत्या. दिवस मावळला तशी गर्दी ओसरली, आणि धुकं आलं.

तोही आला. उंबऱ्यावरचे लाल दाणे तुडवून, सरळ आत.

मावशीच्या हातातली झारी खाली पडली. दासोम मात्र त्याच्या पायांकडेच बघत राहिली. दाण्यांवर पाय पडून ते करकरले होते. वजन होतं त्याला!

चेहरा मात्र ओढलेला होता, डोळे खोल गेले होते.

“त्या दिवशी तुम्ही लसूण घातला होतात?” त्याने विचारलं.

“तुम्ही… खाल्लात?”

“मी नाही. पण ती आली नाही त्या दिवशी. त्यानंतरही आली नाही.”

“कोण ती?”

“आई,” हेजुन म्हणाला.

मग तो बोलला. मागच्या शरदात आई समुद्रात गेली ती परत आली नाही. बुड्या मारून शिंपले, कालवं काढणाऱ्यांतली होती ती, सगळा जन्म पाण्यात गेलेली. वादळ झालं आणि नुसती तिची पाण्यावर तरंगायची तुंबडी किनाऱ्याला लागली. तो उल्सानच्या गोदीत कामाला होता, तो आला आणि परत गेलाच नाही. वाडी रिकामी झाली तरी तो घरात राहिला. रोज संध्याकाळी खडकावर तिचं जेवण ठेवायचा. स्वतः रांधलेलं ठेवलं, ते तसंच राहायचं. मग त्याला आठवलं, की दर चुसोकला आई या दुकानातून कोसारी न्यायची. तो इथे आला. ती कोसारी ठेवली त्या रात्री वाटी रिकामी झाली.

“सुनोक!” मावशीने कपाळाला हात लावला. “सुनोकचा मुलगा तू? अरे देवा! तिला कोसारी बांधून द्यायची मी, चार घास जास्तच घालायची.”

“ती येते हो,” हेजुन दासोमला म्हणाला. “दिसत नाही, पण खडकावर ओली पावलं असतात. तिने टाकलेलं मी खातो. वर्ष झालं, मी दुसरं काही खाल्लेलं नाही.”

वर्षभर हा माणूस मेलेल्यांचं जेवण जेवत होता. म्हणून हात गार, म्हणून हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. दासोमला लाज वाटली आणि रागही आला, त्याच्या आईचा नाही, त्याचा.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “की तुम्ही मेलेले आहात. म्हणून घातला लसूण. बघायला.”

तो आधी तिच्याकडे बघत राहिला, मग पहिल्यांदाच खराखुरा हसला. “मलासुद्धा अधूनमधून तसंच वाटतं.” आणि मावशीसमोरच त्याने तिचा हात घेऊन आपल्या मनगटावर ठेवला. “बघा आता.”

गार कातडीखाली काहीतरी टुकटुक करत होतं. सावकाश, पण करत होतं. दासोमने हात तिथेच ठेवला, जितका वेळ ठेवणं बरं दिसेल त्याहून जास्त.

“तो डबा तरी असा भरून आणायचा नव्हता,” ती मग कुरकुरली. “आम्ही केवढ्या घाबरलो.”

“कुठला डबा?”

“उंबऱ्यावर ठेवलात तो. पाण्याने भरलेला.”

हेजुनचा चेहरा पांढरा पडला. “मी डबा खडकावरच ठेवला होता,” तो म्हणाला. “परत गेलो तेव्हा तो तिथे नव्हता, लाटांनी नेला असं वाटलं. मी इकडे आलोच नाही.”

मावशीने नकळत उंबऱ्याकडे पाहिलं, जिथे ती पावलं येऊन थांबली होती.

“उद्याचं पान मी वाढीन,” दासोम म्हणाली. “चूक माझी आहे. मी येते तुमच्या घरी.”

पितरांचं पान चुसोकला सकाळी मांडतात, पण हेजुन संध्याकाळीच मांडणार होता. “सकाळी आई पाण्यात असायची,” एवढंच त्याने सांगितलं, आणि मावशीनेही मान डोलावली. तिने दासोमच्या ओढणीच्या टोकाला लाल घेवड्याचे दाणे गाठ मारून बांधले. “हे सोडू नकोस. आणि अंधार पडला की परत ये. तो जिवंत आहे हे पटलं मला. पण जिवंत राहायची इच्छा आहे का त्याला, ते बघ.”

मोल्गेच्या वाडीत दारं उघडी होती आणि आत गवत माजलेलं होतं. शेवटचं घर हेजुनचं. समुद्र अंगणाच्या कडेलाच होता, आवाज न करता हलत होता. फाटकापाशी दासोम थांबली. ओढणीची गाठ तिने चाचपली. हे दाणे घेऊन आत गेलं तर सुनोक पुन्हा उंबऱ्यावरून फिरणार. तिने गाठ सोडली आणि दाणे बाहेरच्या गडग्यावर ओतून ठेवले.

हेजुन बघत होता. पुढे होऊन त्याने तिच्या हातातलं ओझं घेतलं.

तिने त्याच्या चुलीवर रांधलं. न चाखता रांधलं, पितरांच्या आधी चाखत नाहीत म्हणून. हात आधी मिठाने, मग राखेने धुतले, नखांतसुद्धा लसणाचा अंश राहू नये म्हणून. भात, माशाचे काप, तिन्ही रंगांच्या भाज्या. कोसारीला तिने सगळ्यांत जास्त वेळ दिला. खोलीत चौरंगावर पान मांडलं, भातात चमचा उभा खोचला, समुद्राकडचं दार उघडं टाकलं. दोघांनी वाकून नमस्कार केला. मग पितरांना संकोच वाटू नये म्हणून अंगणाकडचं दार लोटून ते बाहेर ओसरीवर येऊन बसले.

चंद्र वर येत होता, मोठा आणि तांबूस. ओसरीच्या वाशाला एक मोठा खिळा होता. खाली सुतळीचा वळ उमटलेला, पण खिळ्याला काही टांगलेलं नव्हतं.

“तिथे लसणाची वेणी असायची,” हेजुन म्हणाला. “आईनेच पेरलेला, आईनेच विणलेली. तिला घरात येता यावं म्हणून मी ती समुद्रात फेकली. तरी ती खडकापर्यंतच यायची.”

“तुम्हांला आठवतो लसणाचा वास?”

“मला आता कसलीच चव लागत नाही, दासोम.”

तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. एरवी ती हरखली असती. पण त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की तिच्या अंगावर काटा आला.

“आज ती आली,” तो म्हणाला, “तर मी तिला सांगणार आहे… मलाही घेऊन चल.”

“म्हणजे?”

तो समुद्राकडे बघत होता.

“वा रे वा!” दासोमचा आवाज चढला. मग आत कोण जेवत असेल ते आठवून तिने तो खाली आणला, पण थांबली नाही. “मी इतके दिवस तुमच्यासाठी शेवाळ उकळतेय, तीळ भाजतेय, मावशीची बोलणी खातेय, ते तुम्ही पाण्यात उडी मारावी म्हणून? तुमच्या आईला आवडली असेल माझी कोसारी. पण मी ती तिच्यासाठी नव्हती करत! तुम्हांला कळत कसं नाही? मला तुम्ही हवे आहात. जेवणारे, भांडणारे, मीठ कमी पडलं म्हणून नाक मुरडणारे…”

हेजुनने वळून पाहिलं. चंद्राच्या उजेडात तो खूप वेळ तिच्याकडे पाहत राहिला, जणू आत्ताच कुणीतरी त्याला झोपेतून उठवलं होतं.

“माझ्यासाठी?” त्याने विचारलं.

“नाही, समोरच्या कोळणीसाठी!” ती डोळे पुसत म्हणाली.

तिच्या मानेवर टपकन एक थेंब पडला. दव असेल म्हणून तिने तो पुसला. आणि तेव्हा आतून शीळ आली.

लांब, बारीक, श्वास संपेपर्यंत ओढलेली शीळ. बुडी मारून वर आलेली बाई कोंडलेला श्वास सोडते ना, तशी. या किनाऱ्यावरच्या लेकरांना आईची ती शीळ लांबूनही ओळखू येते. हेजुन ताडकन उभा राहिला. दासोमने त्याचा हात गच्च धरला. आत चमचा वाटीला लागल्याचा आवाज झाला. मग ओल्या पावलांचा, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग काहीच नाही.

कितीतरी वेळाने हेजुनने रीतीप्रमाणे घसा खाकरला आणि दार सरकवलं.

कोसारीची वाटी रिकामी होती. चमचा ओला होता. जमिनीवरची पावलं समुद्राकडच्या दारातून आत आली होती, पानापाशी थांबली होती आणि मग अंगणाच्या दाराकडे वळली होती. लोटलेल्या दारापाशी, ज्याच्या पलीकडे ते दोघं बसले होते, त्या दारापाशी ती संपली होती.

पुन्हा एक थेंब दासोमच्या मानेवर पडला. या वेळी तिने वर पाहिलं.

खिळ्याला लसणाची वेणी टांगलेली होती. ती निथळत होती, तिच्यात शेवाळ अडकलं होतं, आणि गड्डे असे पांढरे टणक होते, की जणू कालच वाफ्यातून उपटले होते. इतका वेळ ते दोघं तिच्याच खाली बसले होते.

हेजुनने हात वर केला, पण लावला नाही. “तिला तर याचा वास सोसत नाही,” तो कसाबसा म्हणाला. “ती हे… हातात धरून…”

“हात पोळले असतील तिचे,” दासोम म्हणाली.

तेव्हा तो रडला. वर्षभर न रडलेला माणूस रडतो तसा, ओसरीच्या कडेवर बसून, तोंड न झाकता. आईने आपल्या हाताने घराचं दार स्वतःला बंद करून घेतलं होतं. दासोम त्याच्या शेजारी बसली आणि त्याची पाठ थोपटत राहिली. तो थांबला तेव्हा चंद्र पांढरा झाला होता.

हेजुन उठला. त्याने वेणीतला एक गड्डा तोडला, पाकळ्या सुट्या केल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या.

“कढईत कोसारी उरलीय ना?” त्याने विचारलं. “लसूण घालून दे.”

‘दे’ म्हणाला. दासोमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “किती घालू?”

“मावशींना लांबूनच कळलं पाहिजे की मी जिवंत आहे, इतका.”

चूल पुन्हा पेटली. लसूण तेलात पडला आणि त्या घरात वर्षभर कोंडलेल्या हवेत त्याचा वास भसकन पसरला. हेजुनने पहिला घास घेतला. चावला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, त्याला ठसका लागला.

“तिखट आहे,” तो म्हणाला, आणि हसला. या वेळी हसू डोळ्यांपर्यंत पोचलं.

“चव लागली?”

उत्तर द्यायच्या आधी त्याने तिचा हात धरला. बोटं अजून गारच होती, पण चुलीपाशी बसल्यावर माणसाची असतात तेवढीच.

“दासोम, मी इथेच राहीन. तुला चालत असेल तर… तुझ्याजवळ.”

“आणि मला घेऊन नाही जाणार कुठे? मावशी म्हणत होती…”

“तुझ्या दुकानापर्यंत नेईन. अंधार पडलाय.”

ती हसली, आणि लसणाचा वास असलेल्या त्याच्या बोटांवर तिने ओठ टेकले. तेवढ्यात बाहेर, अगदी लांब, खडकाच्याही पलीकडे, एक शीळ उमटली. लांब, बारीक, श्वास संपेपर्यंत ओढलेली. या वेळी ती आत येत नव्हती, दूर दूर जात होती. दोघांनी ती विरेपर्यंत ऐकली.

“गेली आई,” हेजुन म्हणाला. मग त्याने वाटी पुढे केली.

“अजून वाढ.”